सात वर्षे, नऊ तास

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा म्हणजे १८८१ चा पंधरावा कायदा. त्याच वर्षी १ जुलैपासून तो लागू झाला. त्यातली मुलांविषयीची कलमे एका दमात वाचून होतात. सात वर्षांच्या आतले मूल कारखान्यात ठेवायचे नाही. सात पुरी झालेल्या आणि बारा न झालेल्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही, मध्ये तासाभराची सुटी द्यायची, महिन्यात चार दिवस रजा द्यायची. चालू यंत्र पुसायला त्याला लावायचे नाही. एकाच दिवशी दोन कारखान्यांत त्याला कामावर घ्यायचे नाही.

शेवटचे कलम वाचताना थबकायला होते. कायदा करणाराला जे घडण्याची धास्ती असते तेच तो मना करतो. म्हणजे एका गिरणीतून सुटलेले मूल दुसऱ्या गिरणीत जाऊन उभे राहील, हे त्या काळी कुणाला अशक्य वाटत नव्हते.

सात आणि नऊ हे आकडे आले कुठून? आधीच्या दहा वर्षांची कागदपत्रे क्रमाने लावली की याचे उत्तर बरेचसे हाती लागते.

पहिले कागद सरकारच्या कापूस खात्याचे. मुंबई इलाख्यातल्या कापसाच्या कारभारावर मेजर मूर अहवाल लिहीत असत. १८७० नंतरच्या अशा एका अहवालात त्यांनी गिरण्यांतले लांबलचक तास आणि कामावरची लहान मुले यांची नोंद केली. इंग्लंडचे फॅक्टरी इन्स्पेक्टर अलेक्झांडर रेडग्रेव्ह यांनी ती उचलली, आणि १८७५ मध्ये लॉर्ड शॅफ्ट्सबरींनी हा विषय उमरावांच्या सभागृहात मांडला. शॅफ्ट्सबरींचे सगळे आयुष्य इंग्लंडमधल्या गिरण्यांतल्या मुलांसाठी झगडण्यात गेले होते, त्यांच्या कळकळीवर शंका घ्यायचे कारण नाही. पण त्यांच्या मागे मँचेस्टर उभे होते, आणि मँचेस्टरची कळकळ वेगळ्या जातीची होती. मुंबईचे सूत स्वस्त पडते, कारण तिथे तासांना धरबंध नाही, ही लँकेशायरची तक्रार होती. विलायती कापडावरची आयात जकात उठवा, हा धोशाही त्याच लोकांनी त्याच वर्षांत लावला होता. १८८२ पर्यंत ती उठलीसुद्धा.

त्यामुळे मुंबईत या प्रश्नाकडे कुणी सरळ डोळ्यांनी बघितलेच नाही. १८७५ च्या मार्चमध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष कलेक्टर आर्बथनॉट, सदस्यांत गिरणीवाल्यांचा भरणा. साक्षींतून बाहेर आले ते असे: गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालतात, मधली सुटी अर्ध्या तासाच्या आसपास, रविवारची रजा सर्रास मिळत नाही, आठ वर्षांखालची मुले कामावर आहेत. एवढे नोंदवून बहुमताने मत दिले की कायद्याची गरज नाही. अध्यक्ष आणि डॉ. ब्लेनी एवढे दोघे कायद्याच्या बाजूने होते.

मुंबईचा दिवस जूनमध्ये तेरा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. भोंग्याची वेळ सूर्याला बांधलेली असल्यामुळे मुलाचे तासही पंचांगाप्रमाणे कमीजास्त होत. हे मूल करायचे काय? सूतकताईच्या साच्यावर भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या चढवायच्या, तुटलेला धागा सांधायचा, झाडलोट करायची. बॉबिनी बदलणाऱ्या पोराला डॉफर म्हणत. साचा थांबला की चार-सहा पोरांनी धावत जाऊन पुरी रांग बदलायची. साचा पुन्हा सुरू झाला की दुसरी भरेपर्यंत उसंत. गिरणीवाले याच उसंतीचा दाखला देत आणि म्हणत, मुलांचे काम ते काय, निम्मा वेळ खेळतात. ते खोटे नव्हते. पण खेळायची ती जागा कापसाच्या धुळीने भरलेली होती आणि तिथून हलायची मुभा नव्हती.

देशी वृत्तपत्रांनी कायद्याला कडाडून विरोध केला. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने १८७५ मध्ये लिहिले त्याचा मथितार्थ असा, की हा नवा धंदा बुडण्यापेक्षा कामगारांत जास्त मृत्यू झालेले पत्करले. आज हे वाक्य निर्दय वाटते. ज्यांनी ढाक्याचे विणकर देशोधडीला लागलेले ऐकले होते त्यांना ते देशप्रेमाचे वाटले. ‘मराठा’ पत्रावर आगरकरांची छाप होती त्या काळात मात्र त्याने कामगारांची बाजू घेतली आणि मालकांनी सवलती द्याव्यात असे सांगितले. असे अपवाद थोडेच.

मुंबईत या प्रश्नाला कुणाचा हिशेब न ठेवता हात घातला तो सोराबजी शापूरजी बंगाली यांनी. पारशी, पत्रकार, सुधारक, मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद. १८७८ मध्ये त्यांनी स्वतः विधेयकाचा मसुदा केला. आठ वर्षांच्या आतले मूल कामावर नको आणि त्यावरच्या मुलांचे तास मोठ्यांपेक्षा बरेच कमी, असा त्याचा गाभा होता. ते मांडायला मुंबई सरकारने परवानगी नाकारली. बंगालींनी मसुदा विलायतेत पाठवला आणि तिथे त्याचा गाजावाजा झाला. देशी माणसाने देशी मुलांसाठी लिहिलेला कागद मँचेस्टरच्या हातात पडला, आणि ‘हे सगळे विलायती कारस्थान’ म्हणणारांना आयताच पुरावा मिळाला.

पुढल्या वर्षी, १८७९ च्या नोव्हेंबरात, हिंदुस्थान सरकारनेच विधेयक आणले. त्यात मूल म्हणजे आठ ते चौदा आणि तास सहा, असे होते. दीड वर्ष ते सरकारी टेबलांवरून आणि समितीतून फिरले. बाहेर आले तेव्हा आठाचे सात झाले होते, चौदाचे बारा, आणि सहाचे नऊ. तिन्ही बदल एकाच दिशेचे आहेत, हे सांगायला नको. इंग्लंडात १८७८ पासून दहा वर्षांखालील मुलाला गिरणीत मज्जाव होता. तेच राज्य, तोच कापूस, आणि वयात तीन वर्षांचा फरक.

सहाच्या जागी नऊ का, याचा विचार केला तर माझ्या मते गिरणीचे घड्याळ हेच उत्तर आहे. अकरा-तेरा तासांच्या दिवसात सहा तासांचे मूल ठेवायचे म्हणजे दुसरी पाळी हवी, दुप्पट मुले हवीत, दुप्पट नोंदी हव्यात. नऊ तास आणि एक तास सुटी मिळून दहा झाले. एकाच पोरात दिवस जवळजवळ भागतो.

शिवाय कारखाना म्हणजे काय, तेही कायद्याने बेताने ठरवले. यंत्रशक्तीवर चालणारा, शंभर किंवा जास्त माणसे असलेला, वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणारा. निळीचे कारखाने, चहा-कॉफीचे मळे वगळलेले. खानदेशातले जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढण्याचे, कारखाने हंगामी. कापूस आला की सुरू, संपला की कुलूप. ते या व्याख्येत बसेनात. १८८४-८५ च्या दुसऱ्या आयोगापुढे जळगावकडच्या जिनिंगची माहिती असलेल्या एका माणसाने साक्ष दिली की हंगामात बाया पहाटे चार-पाचला कामावर येतात, रात्री दहापर्यंत असतात, आणि काम तुंबले की तीच माणसे सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबवली जातात. कायदा होऊन तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती. मोठ्यांची ही गत, आणि तिथल्या मुलांना सात-बाराचा आकडाही लागू नव्हता.

आता दुसरी फाईल. कायदा लागू झाल्यावर सव्वा वर्षाने, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, पुण्यातून एक निवेदन हंटर शिक्षण आयोगाकडे गेले. सही करणाराने स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. पत्ता पेठ जुना गंज. जोतीराव फुले. प्राथमिक शिक्षण एका ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. शेतकऱ्याच्या पोराला गुरांमागे आणि शेतात जावे लागते, म्हणून ते शाळेत टिकत नाही, हेही त्यात आहे. त्यावर शिष्यवृत्त्यांचा आणि बक्षिसांचा उपाय त्यांनी सुचवला. इलाख्यातल्या खेड्यांपैकी नऊ-दशांश खेड्यांत शिक्षणाची काहीच सोय नाही आणि अशी मुले दहा लाखांच्या घरात आहेत, असा त्यांचा हिशेब होता.

‘बारा’ या आकड्यावर बोट ठेवा. फॅक्टरी कायद्याच्या लेखी बाराव्या वर्षी मूलपण संपते. फुल्यांच्या मागणीत त्याच वर्षापर्यंत मूल शाळेत असते. एकाच सरकारकडे सव्वा वर्षाच्या अंतराने हे दोन बारा आले, पण ते गेले वेगवेगळ्या खात्यांत. इंग्लंडच्या १८३३ च्या कायद्यात तरी गिरणीतल्या मुलाला रोज दोन तास शाळेची अट होती. आपल्याकडच्या १८८१ च्या कायद्यात शाळेचा उल्लेख नाही. नऊ तासांनंतर किंवा नऊ तासांऐवजी मुलाने जायचे कुठे, हा प्रश्नच त्यात नव्हता.

कायदा राबवायचा कुणी? वेगळा इन्स्पेक्टर नेमलेला नसेल तर जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटच पदसिद्ध इन्स्पेक्टर. १८८२ मध्ये मीड-किंग नावाचे विलायती इन्स्पेक्टर काही महिन्यांसाठी मुंबईला आणले गेले. त्यांनी पाहणी करून कायदा अपुरा असल्याचे लिहिले. पण सगळ्यात मोठी अडचण इन्स्पेक्टरच्याही हातातली नव्हती. ती होती मुलाच्या वयाची.

मूल सात वर्षांचे आहे, हे कुणाला ठाऊक? मुंबईच्या गिरण्यांत माणसे येत ती मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा भागातून. पोर कोणत्या दुष्काळाच्या आधीचे, कुणाच्या लग्नाच्या वर्षाचे, असे वय सांगण्याची रीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा आला १८८६ मध्ये, तोही ऐच्छिक. मग वय ठरवायचे डॉक्टरने. कायद्यात त्यासाठी सर्टिफाइंग सर्जनची तरतूद होती. त्याने मुलाला तपासून अंदाजाने वय लिहून द्यायचे.

ही पद्धत इंग्लंडातून आलेली. तिथेही जन्मनोंदणी १८३७ पर्यंत नव्हती, म्हणून पोराची उंची बघत. त्याच १८३७ साली एडविन सॉन्डर्स या लंडनच्या दंतवैद्याने पार्लमेंटच्या सदस्यांसाठी पुस्तिका काढली आणि सांगितले, उंचीपेक्षा दात बघा, दात कमी फसवतात. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास. १८८१ च्या कायद्यातल्या सात आणि बारा या मर्यादा त्यामुळे निदान तोंड उघडून ताडून बघता येण्याजोग्या होत्या. १८९१ मध्ये नवा कायदा आला तेव्हा मर्यादा झाल्या नऊ आणि चौदा. दाढांना सहा आणि बारा कळतात. नऊ आणि चौदा कळत नाहीत. मुलाला दिलेली दोन वर्षे कागदावर वाढली आणि ती तपासायचे साधन मात्र भोंगळ झाले.

आणि वय खरे सांगण्यात कुणाचा फायदा होता? मालकाला हात हवे होते. मुकादमाला भरती दाखवायची होती. आई-बापांना पोराचा पगार हवा होता. इथे आपल्याकडचा एक महत्त्वाचा कागद वाचावा लागतो. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाच. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा जायबंदी झाल्यास पोटाची सोय.

मुलांविषयी एक शब्द नाही. लोखंडे सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक; त्यांना मुलांची फिकीर नव्हती असे म्हणणे अन्याय होईल. अर्ज सह्या करणारांचा असतो. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरवड्यातही मिळेल याची खात्री नाही, अशी ज्या घराची तऱ्हा, ते घर पोराला गिरणीतून काढा अशी मागणी कशाच्या जोरावर करणार? रविवारची सुटी मात्र पोरालाही मिळणार होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या सभेत दोन स्त्री कामगार बोलल्या, आणि १० जून रोजी मालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. सरकारी कायद्याच्या एक पाऊल आधी, हे विशेष.

१८९० च्या आयोगाबरोबर लोखंडे आणि बंगाली दोघेही होते. त्यातून १८९१ चा अकरावा कायदा आला: किमान वय नऊ, चौदापर्यंत मूल, तास सात, कारखाना म्हणजे पन्नास माणसे. सात का? पहाटे पाच ते रात्री आठ या वेळेतच मुलांना काम द्यायचे होते, आणि त्यात सातच्या दोन पाळ्या नीट मावतात. पुढे १९११ च्या कायद्याने सूत-कापड गिरण्यांत मोठ्यांचे बारा तास ठरवले आणि मुलांचे सहा. तिथे तर हिशेब उघड आहे. मुलाचा दिवस म्हणजे गिरणीच्या दिवसाचा निम्मा. मुलाला किती झेपते ही चर्चा अहवालांत भरपूर आहे, पण आकडा दरवेळी यंत्राच्या घड्याळाशी जुळलेला निघतो.

मधल्या काळात एक भगदाड मोठे होत गेले. चौदा पुरी झाली की कायद्याच्या नजरेत पोरगा एकदम बाप्या. आणि बाप्याच्या तासांना मर्यादा नव्हती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तसा सूर्यास्ताचा बांधही गेला. दिवस पंधरा तासांवर पोचला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने यावर कोरडे ओढले, कामगारांनी दंगा केला, एक समिती आणि एक आयोग बसला. मॉरिसन आयोगाच्या १९०८ च्या अहवालात नऊच्या आतली मुले अर्ध्या पाळीत आणि चौदाच्या आतली पूर्ण पाळीत सापडल्याचे आहे; सर्जनच्या दाखल्यांवर त्याने फारसा विश्वास ठेवलेला दिसत नाही. बहुमताने चौदा ते सतरा असा ‘तरुण’ वर्ग पाडा असे सुचवले. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्न मतपत्रिका जोडली: आडून-आडून कशाला, मोठ्या पुरुषांचेच तास थेट बांधा. नायरांचे ऐकले गेले, म्हणूनच १९११ चे ते बारा तास. मुलाला वय आणि प्रकृती यांचा दाखला आता सक्तीचा झाला.

त्याच १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती, तीही स्थानिक संस्थांना हवी असेल तिथे, इतका सावध मसुदा. शेजारी बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्ती करून पाहिली होती आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात ती लागू केली होती. गोखल्यांनी तो दाखला दिला. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पोरे शाळेत गेली तर शेतावर आणि मजुरीला कोण येणार, ही भीती विरोधकांच्या बोलण्यात होती. कामगार खात्याच्या आणि शिक्षण खात्याच्या फायलींची गाठ पडली ती अशी, एकीने दुसरीला अडवण्यापुरती.

खरी जोडणी व्हायला पहिले महायुद्ध उलटावे लागले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि १९२२ च्या सुधारणेने हिंदुस्थानात कारखान्यातले किमान वय बारा झाले, मूल म्हणजे बारा ते पंधरा, तास सहा. फुल्यांचा बारा फॅक्टरी कायद्यात यायला चाळीस वर्षे लागली. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. मुंबई शहरासाठी १९२० मध्ये वेगळा कायदा झाला. पालिकेने सक्ती सुरू केली १९२५ मध्ये, आणि सबंध शहरात न करता आधी एफ आणि जी या दोन वॉर्डांत. परळ, शिवडी, दादर, वरळी, माहीम याच वॉर्डांत येतात. गिरण्यांचा मोठा पट्टा तोच. बारा वर्षांखालच्या मुलाला गिरणीचे दार बंद आणि शाळेचे दार सक्तीने उघडे, हे दोन्ही एकाच वस्तीत एकाच वेळी पहिल्यांदा झाले ते तिथे. मुंबईच्या गिरण्यांतून अर्ध्या पाळीची मुले त्यानंतरच्या वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. त्यात शाळेचा वाटा किती आणि दोन पाळ्यांची कटकट नको म्हणून मालकांनीच मुले घेणे सोडल्याचा वाटा किती, हे वेगळे करता येत नाही. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात मुलांचा शोध घेतला तो गिरण्यांत नव्हे, विड्या वळायच्या आणि गालिचे विणायच्या कारखान्यांत. तिथे वीज नव्हती, वाफ नव्हती, म्हणून कायद्याच्या लेखी तो कारखाना नव्हता, आणि पाच वर्षांची मुले कामावर होती.